विहिरीचं पाणी तोडलं त्याबद्दल

मी, वैजनाथ सटवाजी बिरादार, वय वर्षे ७०, धंदा पूर्वी पंप फिटर, राहणार देवणी, जि. लातूर, माझ्यामागच्या व्यवस्थेसाठी हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही; दडपण आणायला घरात कोणी उरलेलंच नाही. पत्नी उमादेवी तीन वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ नाही.

१. राहतं घर आणि विहिरीतल्या माझ्या हिश्श्यासह दोन एकर शेत पुतणी शिल्पा हिला. ती नांदेडला नर्स आहे. तिनं यातलं काहीही बापाच्या, म्हणजे माझा धाकटा भाऊ दयानंद याच्या, नावे करू नये.

२. पाइप पाने व चेन पुली रेवणसिद्ध मिस्त्री याला. मागे उसने नेऊन तीन वर्षांनी त्यानं परत दिले, तेही मी दारात जाऊन बसलो म्हणून. आता बसायला येणार नाही, खुशाल ठेवावेत.

३. करीमची पत्रं कोणी वाचणार असेल तर ठेवावीत, नाहीतर माझ्यासोबत जाळावीत. १९८६ ते ९० मी इराकात पाणी शुद्धीकरण केंद्रावर होतो, तिथला करीम माझा जोडीदार. तिथला हुकूमशहा माणसं उचलून नेई, ती परत येत नसत. त्यानं शेजारचा देश गिळला, जगानं निर्बंध घातले आणि आम्ही भारतीय कामगार अम्मानमार्गे घरी आलो. मला आनंद झाला होता, आता हा गुडघे टेकणार. करीमनं लिहिलं: क्लोरीन येत नाही, पंपाचे सुटे भाग येत नाहीत, हगवणीनं धाकटी मुलगी गेली, राजवाड्यातली कारंजी चालू आहेत. पुढे युद्ध झालं, हुकूमशहा गेला. त्यानंतर मी करीमला पाठवलेलं पत्र तसंच परत आलं.

४. एवढं वाचूनही मी घरी तेच केलं. दयानंद बायकोला, धुरपताला, मारायचा. २००४ साली मी सामाईक विहिरीवरचं त्याचं पाणी तोडलं. भावकीला बजावलं, त्याच्या उंबऱ्याला कोणी जायचं नाही, लग्नाकार्याचं बोलावणं द्यायचं नाही. तो हॉटेलात जेवायचा; धुरपता अर्ध्या कोसावरून घागरी आणायची. मग भावकीतल्या आम्ही चौघांनी त्याला बडवला. आठ दिवस दवाखान्यात होता. घरी येऊन त्यानं तिचा हात मोडला. उंबऱ्याला कोणी जातच नव्हतं, म्हणून ते आम्हाला महिन्यानं कळलं. याची मला लाज वाटते.

५. उमादेवी गेल्यावर घर खायला उठलं. एक दिवस बांध ओलांडून गेलो आणि धुरपताला विचारलं, तुला काय पाहिजे? एकोणीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "भाऊजी, तुमी त्यान्ला न्हाई, मला वाळीत टाकलाव. पाणी सोडा, आन् रोज चहाला येऊन बसा. कोणी समोर बसलं की त्यांचा हात उठत न्हाई." शिल्पाकडे जा म्हटलं, तर म्हणाली, "माझं घर हाय ते. मी काउन जाऊ?"

पाणी त्याच दिवशी सोडलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तिथं बसतो. आम्ही दोघे भाऊ बशीतून चहा पितो आणि भिंतीकडे बघतो. माझा राग गेलेला नाही. मी आहे तोवर घर शांत असतं. उठल्यावर काय होतं, ते मला माहीत नाही.

६. शिल्पा, बापाचं तोंड बघणार नाही म्हणतेस, तुझं खरं आहे. मीही तेच म्हणत होतो. तरी आईकडे येत जा.

७. माझ्यामागे रोज त्या घरी चहाला बसण्याचं काम ................................ यांनी करावं. भावकीत एकेकाला विचारून पाहिलं. तिकडे जायचं नाही, हे त्यांना मीच शिकवलं आणि ते अजून पाळतात. जागा कोरी ठेवली आहे.

हे मी वाचून पाहिलं, मला मान्य आहे. साक्षीदारांदेखत मी सही केली, माझ्यादेखत त्यांनी केली. दोघांशी माझी ओळख आजचीच.

सही: वै. स. बिरादार

साक्षीदार:
१) आनंदराज गायकवाड, टंकलेखक
२) पार्वतम्मा, चहाची टपरी (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: देवणी
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५