बुटांच्या खोक्यातले कागद

प्रिय बारक्या,

त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणतात का, असं तुझी बायको मागे हसत म्हणाली होती. म्हणू दे. तू साठीचा झालास तरी माझ्यासाठी बारक्याच. बुटांच्या खोक्यातले माझे जुने कागद पाठव, असं तू सांगितल्याला दीड महिना झाला. आज पाठवते, उद्या पाठवते करत मी चालढकल केली. तू तीनदा आठवण केलीस आणि मी तिन्ही वेळा कामाचं निमित्त सांगितलं. काम आहेच, ते काही खोटं नाही. पण खरं कारण ते खोकंच आहे. मला त्याची भीती वाटते. त्यातले कागद वाचून झाल्यावर तू मला ताई म्हणशील की नाही, हे मला कळत नाहीये.

आधी कामाचं सांगते. थकले रे. कॉलेजातली दिव्यांग मुलांना कॉम्प्युटर शिकवायची आमची खोली वरच्या मजल्यावर नेणार, नेणार म्हणता म्हणता अजून जिन्याखालीच आहे. दहा कॉम्प्युटर, त्यातले सहा चालू, आणि ते सहाही माझ्यासारखेच, सकाळी उठायला कुरकुरतात. प्रश्नपत्रिकांचे तिरके, पुसट फोटो पाठवू नका, ज्यांना दिसत नाही त्यांचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर अशा फोटोंपुढे मुकं होतं, हे परीक्षा विभागाला अकरा वर्षं घसा कोरडा करून सांगतेय. हो हो म्हणतात आणि पुन्हा फोटोच पाठवतात. मग मी बसते सगळं टाइप करत.

यंदा एक मुलगी आली आहे, तिचे हात तिचं ऐकत नाहीत. एक अक्षर दाबायला जावं तर शेजारची चार दाबली जातात. तिच्या कीबोर्डवर भोकांची जाड पट्टी बसवून दिली, म्हणजे बोट एकाच बटणावर पडतं. पहिल्या दिवशी स्वतःचं नाव लिहायला तिला वीस मिनिटं लागली. घामाघूम झाली बिचारी. मी शेजारी उभी होते, हात पाठीमागे बांधून. आमच्या खोलीचा नियमच आहे तो. शिकवणाऱ्याने तोंडाने हवं तेवढं सांगावं, पण मुलांच्या कीबोर्डला बोट लावायचं नाही. नव्या शिक्षकांना वाटतं, बाई भलतीच खडूस आहे. हा नियम मी का केला, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायचं तर तुझ्यापासून सुरुवात करावी लागली असती.

तुला दिसत नाही, म्हणून तुझ्या बाबतीत माझे हात कधी मागे राहिलेच नाहीत. तुझ्या शर्टाची बटणं मी लावायची, तुझे फॉर्म मी भरायचे, तुझी पत्रं मी फोडायची आणि मीच वाचून दाखवायची. बहीण असावी तर अशी, असं लोक म्हणायचे आणि मलाही ते गोड लागायचं. तू खुर्च्या विणायला लागलास. वेताने बोटं कापली की चिंधी मीच बांधायची, आणि सकाळी कॉलेजात जाऊन दुसऱ्यांच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. तुलाही शिकवते, असं एकदासुद्धा म्हणाले नाही. कॉम्प्युटरचा विषय निघाला की मी चहा टाकायला उठायची.

म्हणून तुझा पहिला मेल आला तेव्हा मी खुर्चीतून उठलेच नाही कितीतरी वेळ. दोन ओळी, त्यात चार चुका, आणि खाली तुझं नाव. आमची ती एक्सप्रेस, माझी जुनी विद्यार्थिनी, जी सॉफ्टवेअरचा आवाज इतक्या वेगाने लावायची की मला नुसती गुरगुर ऐकू यायची, ती तुला सात महिने फोनवरून शिकवत होती आणि मला पत्ता नाही! मला का नाही विचारलंस, म्हणून मी फोन करून रुसले. तू शिकवलं असतंस तर सगळं तूच करून टाकलं असतंस, असं म्हणालास. खरं आहे ते. आणि त्याच फोनवर तू खोकं मागितलंस. आता फोनवर स्कॅन करून जन्मभराचे कागद मी स्वतः वाचणार, म्हणालास. किती खूश होतास! मी मात्र, बघते, म्हणून फोन ठेवला.

अठरा वर्षांपूर्वी, आई जाऊन चार महिने झाले होते, तेव्हा तुझ्या नावाने एक पत्र आलं. दुसऱ्या शहरातल्या कॉम्प्युटरच्या कोर्सला तू अर्ज केला होतास ना, राहायची सोय असलेल्या, त्याचं. तू दारात हात पुसत उभा होतास. मी वाचलं, सगळ्या जागा भरल्या आहेत, क्षमस्व. पुन्हा वाच, म्हणालास. मी पुन्हा वाचलं, तेच शब्द, त्याच आवाजात. बारक्या, पत्रात तसं काहीच नव्हतं. तुझी निवड झाली होती. पंधरा दिवसांत हजर व्हा, असं लिहिलं होतं. तुझ्या काळजीपोटी केलं, हे मी नंतर स्वतःला समजावलं. खरं एवढंच, की आई नव्हती, आणि तूही गेलास तर त्या दोन खोल्यांत मी एकटी उरले असते. मला ते नको होतं.

खोकं आज सकाळी कुरिअरने निघालं. दीड महिना मी ते पत्र रोज हातात घेत होते. फाडलं असतं तर तुला कधीच कळलं नसतं. ते सगळ्यात वर ठेवलंय, घडी उलगडून, वजनाखाली दाबून सपाट केलंय, स्कॅन करताना अडायला नको. आधी तेच वाच. मी इथे लिहिलंय म्हणून खरं मानू नकोस, तू स्वतः वाच. मग फोन करायचा की कधीच नाही करायचा, ते तुझं तू ठरव. मी विचारणार नाही, तुझ्या बायकोलाही मध्ये घालणार नाही. माझे हात मागे आहेत.

तुझीच,
ताई