दारापासून खुर्चीपर्यंत

नेवासा,
बुधवार सकाळ

प्रिय शालन,

गोरक्षमामाचं कार्ड काल नगरहून पोचलं. सोसायटीच्या ऑफिसात टायपिस्टच्या जागेसाठी तुला उद्या अकराला बोलावलंय, हे वाचल्यापासून माझं चित्त एका जागी नाही. भाकरी तव्यावर टाकते, दारात येते, पुन्हा चुलीपाशी जाते. आत्ताही एक करपली.

मामा लिहितो, लवकर नेऊन तिला खुर्चीत बसवतो, साहेब मागाहून येतील, पायावर पातळ नीट सोडलं की काही दिसत नाही. मायेनंच लिहितो. पण दोन वर्षांपूर्वी तुला बघायला आले, तेव्हाही त्यानं हेच केलं होतं. पाहुणे यायच्या आधीच तुला पाटावर बसवलं. नाव विचारून झालं, शिक्षण झालं, आणि मग त्यांच्यातली म्हातारी हसत म्हणाली, "ऊठ गं पोरी, तांब्याभर पानी दे मला." मुलगी चालते कशी, ते बघायची ही रीतच. तू उठलीस. डावा हात गुडघ्यावर दाबत आत गेलीस आणि भरलेला तांब्या न सांडता घेऊन आलीस. म्हातारी पाणी न पिताच निघाली. "पायाचं ऱ्हाऊ द्या, लपवलं कशापायी?" असं ओट्यावरून उतरताना ती म्हणाली, ते अजून माझ्या कानांत आहे.

म्हणून उद्या आधी जाऊन बसू नकोस. साहेब बसू देत, तुझं नाव पुकारू देत, मग दारापासून खुर्चीपर्यंत चालत जा. हात गुडघ्यावर लागतो तर लागू दे. पोलिओचं तूच सांग. ऑफिस माडीवर असलं तर जिन्याला वेळ लागतो, हेही सांग. आणि मशीनवर बसवून बघा म्हणावं. शेजारच्या आक्काबाई मला म्हणाल्या, "धडधाकट पोरं दुष्काळी कामावर पाट्या वाहत्यात, अन् तुझ्या लंगडीला खुर्ची कोन देतंय?" मी म्हटलं, पाट्या वाहायला पाय लागतात, म्हणून तर ती टायपिंग शिकली. त्या हसल्या, मला मात्र हसू आलं नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. अण्णा आज दुपारच्या एस.टी.नं तुला न्यायला निघतील. आई आजारी आहे, असं सांगतील. मी चांगली आहे. उद्या राहात्याचे पाहुणे यायचेत. बायको वारलेला माणूस, तीन लेकरं. निरोप आलाय, "पाय चालंल, घर सांभाळायला बाई पायजे." असं स्थळ पुन्हा यायचं नाही, असं अण्णांना वाटतं. बापाचा जीव, तुझ्या काळजीनं त्यांनाही झोप नाही, पण माझं नाही म्हणणं त्यांनी ऐकलं नाही. चांदभाई बांगड्यांचा माल आणायला पहिल्या गाडीनं नगरला निघालेत, त्यांच्या हाती हे देते. अण्णांच्या आधी पोचेल. अण्णांबरोबर येऊ नकोस. भांडूही नकोस. जेवायला वाढ, मामाकडेच ठेवून घे आणि उद्या त्यांनाच सोबत ने. तू चालत आत जाताना त्यांनाही बघू दे.

राहात्याच्या पाहुण्यांना पाणी मी देईन.

तुझीच,
आई