फूल झाडावरच शोभतं

अण्णा,

तुमच्या बागेचं यंदा पार वाटोळं झालं, हे सांगायला बसलोय, आणि सांगताना मला अजिबात वाईट वाटत नाहीये. ऑक्टोबर सरत आला. आडगावकडच्या द्राक्षबागांच्या छाटण्या उरकल्या. तुमची कात्रीही त्याच दिवसांत चालायची. मी मात्र एक काडी छाटली नाही. गुलाबाची कलमं वाळून गेली आणि ज्यावर ती बांधली होती तो खालचा रानगुलाबाचा खुंट माजला. त्याला फुटवा आला की घरात चोर शिरल्यासारखे तुम्ही धावायचात आणि नखाने तो खुडून टाकायचात. आता तोच कंपाउंडवर चढून बसलाय. फूल नाही, नुसते काटे. उद्या पेव्हर ब्लॉकवाला येतोय. तुमच्या वाफ्यांवर माझी गाडी उभी राहणार आहे.

लोक तुम्हाला निसर्गप्रेमी म्हणायचे. कॉलनीतली माणसं फाटकाशी थांबायची, माना डोलवायची आणि तुम्ही त्यांना ऋतू समजावून सांगायचात. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके कसे येतात, थंडीत कळीला रंग कसा चढतो, उन्हाळ्यात झाडं कशी जगवायची. कशी जगवायची ते आम्हाला विचारायला हवं होतं. एप्रिल-मेमध्ये आम्ही घमेल्यात उभे राहून आंघोळ करायचो, तीही साबण न लावता, कारण ते पाणी गुलाबांना जायचं. तुमची बागेची वही माझ्याकडे आहे. आईचं पित्ताशय काढलं त्या तारखेला तुम्ही लिहिलंय, "मावा दिसला. तंबाखूचं पाणी फवारलं." त्या पानावर आई कुठेच नाही. धन्य तुमची!

आणि एवढं करून ती फुलं कुणासाठी होती? तोडायची नाहीत, जवळ जाऊन हुंगायचीही नाहीत. आईने एकदा देवासाठी एक मागितलं, तर पेपरातून मान वर न काढता तुम्ही म्हणालात, "फूल झाडावरच शोभतं." तिने पुन्हा कधी मागितलं नाही. दारात गुलाबांचे ताटवे असलेली ही बाई सकाळी पिशवी घेऊन दोन गल्ल्या पलीकडे जायची आणि लोकांच्या भिंतीबाहेर आलेली तगर तोडायची. मी कॉलेजात होतो तरी फांदी वाकवायला तिच्याबरोबर जायचो. एके दिवशी त्या घरच्या काकू दारातच उभ्या.

"काय हो वहिनी, घरी एवढे गुलाब, आणि आमच्या तगरीवर डोळा?"

आई हसली. "आमच्या देवाला पांढरंच लागतं हो."

चोर ती ठरली, अब्रू मात्र तिने तुमची राखली.

आई गेली जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत. बागेत तेव्हा एकोणीस गुलाब फुलले होते. तिच्या अंगावर पडला तो बाजारातला झेंडूचा हार. मावशीने ते तेराव्याला चारचौघांत, तुमच्यासमोर काढलं. "माझ्या बहिणीच्या अंगावर एक फूल नाय टाकलं या माणसानं! दारात ढीगभर गुलाब व्हते." तुम्ही पानावर मान घालून भात कालवत राहिलात. मला किळस आली होती तुमची. अरे, निदान उलटून बोला तरी! तुम्ही फुलं दिली नाहीत, हे मावशीला सांगणारा मीच होतो. पुढे ज्या ज्या नातेवाइकाने विचारलं, त्याला त्याला मी तेच सांगितलं.

आता इथवर आलोय तर पुढचंही लिहितो. आई गेली त्या सकाळी तुम्ही स्वतः बागेची कात्री आणून माझ्या हातात दिलीत. "सगळी काप," म्हणालात. "एक ठेवू नकोस." मी बागेत गेलो, पहिल्या देठाला कात्री लावली आणि थांबलो. जन्मभर तिला एका फुलासाठी दारोदार फिरवलंत, आणि आता एका टोपलीत सुटणार तुम्ही? लोक म्हणणार, काय जीव होता हो बायकोवर! ते मला बघवलं नसतं. मी कात्री खिडकीत ठेवली आणि शेजारच्याला हार आणायला पाठवलं. आत आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "कापलीस?" मी म्हणालो, "झाडावरच शोभतात." तुम्ही मान हलवलीत आणि आईच्या पायांशी जाऊन बसलात. त्यानंतर सहा वर्षं जगलात, पण याबद्दल कुणाजवळ अवाक्षर काढलं नाहीत.

तुमचा राग मला आजही येतो, तो काही गेलेला नाही. पण ती फुलं तुमची नव्हती, त्या सकाळपुरती तिची होती, आणि ती मी अडवली.

हे पत्र कुठे टाकणार, आणि कशाला? तुम्हाला हे सगळं माहीतच होतं. माहीत नाही ते मावशीला. ती सटाण्याला असते, कान अजून शाबूत आहेत, फोन केला की दुसऱ्या घंटीला उचलते. गेल्या रविवारीच आम्ही अर्धा तास बोललो. तुमचा विषय निघाला, तिने नेहमीसारख्या शिव्या घातल्या आणि मी ऐकत राहिलो.