मानपत्रातली कोरी जागा

शनिवार, ३ जानेवारी २०२६

लडकूशेठनी आज केबिनमध्ये बोलावलं. शाळेला पन्नास वर्षं झाली, पंचवीस तारखेला कार्यक्रम, आणि संस्थापकांना मानपत्र. तेही इंग्रजीतून! "मास्तर, शब्द असे वजनदार घाला, ठाण्याचे पाहुने गप झाले पायजेत." संस्थापक कोण? तर म्हणे तेच! संस्थेचे अध्यक्ष होतेच, आता संस्थापकही झाले. शाळा काढली कुंडलिक गुरुजींनी — स्वतःच्या गोठ्यात, गुरं बाहेर बांधून. सगळ्यांना ठाऊक आहे. निघताना शेठ म्हणाले, "तुमची कायम व्हायची फाईल माज्याच टेबलावर हाय बरं." सात वर्षं मानधनावर इंग्रजी शिकवतोय. हो म्हणून आलो.

सोमवार, ५

एक बरा शब्द सुचेल तर शपथ! शेवटी सापगावला गुरुजींकडेच गेलो. मला इंग्रजी त्यांनीच शिकवलं, दुसरीकडे जाणार कुठे? आमच्याकडे मसुद्यात नावाची जागा कोरी ठेवतात, कमिटीत आधीच भांडणं नकोत म्हणून. तसाच कागद त्यांच्या हातात दिला.

शहात्तराव्या वर्षी काय खुलला माणूस! जाडजूड डिक्शनरी मांडीवर. "सेलिब्रिटी म्हणजे आधी माणूस नव्हताच रे, समारंभ! माणूस मागनं घुसला त्यात." नोटोरियस म्हणजे पूर्वी नुसता सगळ्यांच्या माहितीतला, बदनामी नंतर चिकटली. इग्रीजियस आज जवळजवळ शिवी — पण मुळात कळपातून उठून दिसणारा, थोर. आणि प्रेस्टीज म्हणजे चक्क हातचलाखी! दोघं पोट धरून हसलो. मग ते मसुदा वाचायला लागले. 'फाउंडर'वर बोट थांबलं. डोळे भरले. "एवढं कशाला रे करता माझ्यासाठी?"

तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात गुरुजींची बायको, सकुबाई काकू, चहा घेऊन आल्या. घोट घेतला आणि — नाहीच बोललो. गाढव!

रविवार, ११

बायको, अक्षदा, म्हणाली, "अहो, आज सांगूनच या. माझ्याच्यानं नाय बघवत." गेलो. काकूंनी गुरुजींचा लग्नातला कोट उन्हात घातलेला. "बटण लावलं बघ नवं," म्हणाल्या. गुरुजींनी मसुद्यातली विशेषणं खोडून ठेवली होती. "फार होतंय रे. मास्तरच होतो मी, साधं लिही." खोडलेला कागद घेऊन परत आलो.

शनिवार, १७

शेठना सगळी विशेषणं परत हवीत. घातली. वर्गात पोरांवर उगाच खेकसलो.

बुधवार, २१

सांगायला निघालो होतो. फाट्यावरून बाईक परत वळवली.

संध्याकाळी गुरुजींचाच फोन. त्यांना पत्रिका गेली, 'माजी शिक्षक' म्हणून. वाटलं, चला, कळलं असेल, सुटलो! तर हसत म्हणतात, "पत्रिकेत सत्कारमूर्तीचं नाव नाय घातलंत! मला चकित करायचंय ना? मी काय बोलत नाय कुणाला." फोन ठेवून अंगणात नुसत्या येरझारा घातल्या. लाज वाटते स्वतःची.

शनिवार, २४

फाईलवर सही झाली. शेठनी बोलावून दाखवली.

उद्या सकाळी सापगावला जाऊन सांगणार. पक्कं! सही राहो नाहीतर जावो.

रविवार, २५

सकाळी गेलो नाही.

माइकवर 'द फाउंडर ऑफ धिस स्कूल' म्हटलं आणि तिसऱ्या रांगेत गुरुजी उठले. कोट सारखा करत. मग मी लडकूशेठचं नाव वाचलं. गुरुजी खाली बसले नाहीत. उभ्याउभ्याच टाळ्या वाजवायला लागले, आणि त्यांचं बघून अख्खा मंडप उभा राहिला.