सुकाणूवर कोणीतरी हवं

सोमवार, १४ ऑक्टोबर २००२

आज काय झालं ते क्रमाने:
१. भोरहून सकाळच्या एसटीने वरवे बुद्रुकला उतरले आणि कॅप्टन उपेंद्र यांच्या शेडवर हजर झाले.
२. नेमणूक पक्की झाली. काम: बोटीवरची विजेची जोडणी, वायरलेस, आणि सुकाणू आपोआप धरणारं यंत्र बसवणं. शिवाय खलाशी मिळवण्याचा पत्रव्यवहार.
३. जीपने भाटघर धरणाच्या फुगवट्यावर गेलो. बोट पाहिली. नाव 'शुभ्रा'.
४. पेढा मिळाला. खंडेनवमी होती.

पॉलिटेक्निकमधून बाहेर पडल्यावर पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचं काम मिळालं आहे, त्यामुळे मी खूश आहे, आणि तसं लिहायला हरकत नाही. शेडमधल्या ड्रिलला, वेल्डिंग मशीनला झेंडूच्या माळा होत्या. बोटीवर सुकाणूच्या दांड्यालाही एक होती. पांढरी, लोखंडी, एका डोलकाठीची बोट डोंगरांच्या मधल्या पाण्यात उभी आहे; लग्नघरात चुकून शिरलेल्या पाहुणीसारखी दिसते.

किनाऱ्यावरून बोटीपर्यंत सावळारामकाका होडीने नेतात. त्यांनी आधी मी कुणाची ते विचारलं. भोरच्या बांगड्यावाल्या हलिमाफुफीची भाची अम्रीन, असं सांगितल्यावर म्हणाले, मग आपलीच की. बाईमाणूस सुकाणूला हात लावणार म्हणून हसलेही. मी म्हटलं, यंत्र बसलं की कुणीच हात लावायला नको. त्यावर हसायचे थांबले.

डिसेंबरात बोट ट्रेलरवरून रत्नागिरीला न्यायची आणि तिथून लक्षद्वीप. मधले काही दिवस जमीन दिसणार नाही. कॅप्टन व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालेले. मागच्या वर्षी याच प्रवासात परतताना त्यांचा मुलगा शार्दूल समुद्रात गेला. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि लगेच बॅटऱ्यांविषयी बोलू लागले.

बुधवार, १६ ऑक्टोबर

जाहिरात लिहिली. 'खुल्या समुद्रातील प्रवासासाठी स्वयंसेवक खलाशी पाहिजेत. अनुभवाची अट नाही. पगार मिळणार नाही. जेवणखाण बोटीवर.'

मी म्हटलं, पगाराशिवाय इथला कोण येईल? जिवाचं काम फुकट मागणं मला पटत नाही. कॅप्टन म्हणाले, पगारी माणूस या कामाला चालत नाही, तो स्वतःच्या मर्जीने आलेला हवा. कारण सांगितलं नाही. कारण न सांगणाऱ्या माणसांचा मला राग येतो. टाईप करून दिलं.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

भोरच्या एका गुरुजींचं कार्ड आलं: बोटीवर कांदा-लसणाशिवाय स्वयंपाक होईल का? हायवेवरच्या गॅरेजातला झुल्फिकार स्वतः आला, सगळं बघून खूश झाला, आणि संध्याकाळी त्याच्या अब्बांचा फोन आला की फुकट बुडायचं असेल तर घरची विहीर आहे.

कॅप्टन प्रत्येकाला एक नियम आधी सांगतात. समुद्रात पहारा बदलताना नवा माणूस दांड्यावर हात ठेवून 'घेतलं' म्हणतो. जुना 'दिलं' म्हणतो. तोपर्यंत जुन्याने हात काढायचा नाही, काहीही झालं तरी. नियम चांगला आहे. वीजघरातही असंच असतं.

सोमवार, २८ ऑक्टोबर

एक गोष्ट जुळत नाही. बोट दोन नांगरांवर बांधलेली आहे. वारा नाही. तरी यंत्रावरचा सुकाणूचा काटा दोन अंश डावीकडे जातो, थांबतो, मग उजवीकडे, मग मध्ये. सेन्सर बदलला. तारा तपासल्या. शेवटी बॅटरी काढून नुसता दांडा बघत बसले. दांडा हलत होता. सैल वस्तू हलते तसा नाही. येणारी लाट बघून माणूस जरा सावरून घेतो, तसा.

दोरीने बांधला. डबा खाऊन आले तर दोरी सोडून, नीट गुंडाळी करून ठेवलेली होती. बोटीवर मी एकटी होते. मूठ येते तिथे लाकडावर पांढरे कण. जिभेला लावले. मीठ. धरणाचं पाणी गोडं आहे.

सावळारामकाकांना सांगितलं. ते म्हणाले, तुमाला काय न्हाई व्हायचं, तुमी पगारी. तुमच्या आदी कोंडिबा व्हता, त्यो बी पगारी. चार महिनं त्याच दांड्यावर टावेल वाळवला त्यानं. पगारी माणसाला त्यो देत न्हाई. कोण देत नाही, असं विचारलं तर होडी वल्हवायला लागले.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

माणूस मिळाला. गेनू, पासलीचा, स्वतःचा टेम्पो चालवतो. वेल्ह्याच्या बाजारात भेळीच्या कागदावर जाहिरात वाचून आला. म्हणाला, आमच्या डोंगरावरनं कोकण दिसतं, पर समिंदर काय दिसत न्हाई, एकदा बगायचाच. पगार नाही म्हटल्यावर म्हणाला, मंग काय, वऱ्हाडाला जाताना कोण पगार मागतंय व्हय?

सोबत त्याची आई ठकुबाई आली होती. तिने मला एकच विचारलं, बोटीला कठडा हाय का? मी दाखवला. तिने तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला. माझा रोजा आहे हे कळल्यावर गेनू भाकरी घेऊन बोटीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. मी सांगितलं तसं करायची गरज नाही. तो म्हणाला, आमास्नीबी उपास कळत्यात, ताई.

रविवार, १० नोव्हेंबर

भर दुपार, लख्ख ऊन. कॅप्टननी गेनूला तीनदा विचारलं, कुणी जबरदस्ती केली नाही ना? काही घेतलं नाहीस ना? गेनू म्हणाला, हौसंनं आलोय सायेब, आता लगीन लावताय का बोटीशी?

मग त्याला दांड्यावर हात ठेवायला लावलं. सुकाणूजवळची फळी रिकामी होती. गेनू तमाशातल्या राजासारखा ओरडला, घेतलं!

'दिलं.'

मी वायरिंगच्या पेटीपाशी होते. कॅप्टन माझ्या समोर होते. त्यांचं तोंड मिटलेलं होतं. आवाज तरुण होता, घसा सुकलेला. मग कोणीतरी उतरावं तशी बोट मागच्या बाजूने जराशी वर आली. कॅप्टननी त्या फळीवर डोकं टेकलं आणि शार्दूल, शार्दूल म्हणत रडले. नंतर डोळे पुसून होडीत बसले आणि गेले.

गेनूचा हात दांड्यावरून निघत नाही. आधी तो हसत होता. म्हणाला, चिकाटलंय जनू.

सोमवार, ११ नोव्हेंबर

वरव्याला शेडवर गेले. कॅप्टननी सगळं सांगितलं, शांतपणे, हवामानाचा अंदाज सांगावा तसं. त्या रात्री मुलाचा पहारा संपला होता. त्याने यांना दोनदा हाक मारली. यांनी दोन्ही हाका ऐकल्या. थंडी होती, अजून थोडं पडू म्हणाले. उठून पाहिलं तर सुकाणूवर कोणी नव्हतं आणि दांडा हलत होता. तेव्हापासून तो तिथेच पहाऱ्यावर होता. राजीखुशीने आलेल्या माणसालाच तो पहारा देऊ शकत होता. आता तो सुटला.

मी विचारलं, गेनूचं काय? म्हणाले, त्यालाही कोणीतरी मिळेल. जाहिरात पुन्हा द्या.

मी विचारलं, वर्षभर तुम्ही स्वतः का हात ठेवला नाही? तुम्हाला कुणी पगार देत नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले की त्यांना रक्तदाब आहे.

मला राग आला की माझं अक्षर सुधारतं. हे पान बघावं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

डॉक्टर आणले. त्यांनी तेल लावलं, इंजेक्शन दिलं, बोटं उघडेनात. शहरात न्या म्हणाले. कसं, ते सांगितलं नाही. सावळारामकाकांनी दांड्याला करवत लावली. लाकूड चिरलं आणि गेनू किंचाळला. रक्त लाकडातून आलं. करवत पाण्यात टाकली.

गेनूचे ओठ फुटले आहेत. त्यांवर मीठ. तो विचारतो, ताई, डोंगर कुटं ग्येलं? समोर डोंगर आहेत. मी दाखवते. तो म्हणतो, चेष्टा नगा करू, समदं पानीच हाय.

समुद्र बघायला आला होता. बघतो आहे.

ठकुबाई काठावर बसून आहे. ती म्हणते, म्या बसते त्याच्या जागी, मला कुटं पगार हाय. उद्या सकाळी होडी सोडायला सांगितलं आहे तिने. तिचे गुडघे तिला एकटीने होडीत चढू देत नाहीत; शुक्रवारी गेनूने उचलून चढवलं होतं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

पहाटे सहरीच्या जेवणाला उठले तेव्हाच ठरलं होतं. फुफीला सांगितलं नाही.

ठकुबाईच्या आधी पोचले. राजीनामा लिहून सावळारामकाकांकडे दिला. या महिन्याचा पगार घेणार नाही, असंही लिहिलं. म्हणजे आता मी पगारी नाही. त्यांनी होडी थांबवली. पोरी, तुजं काय हाय त्यात, म्हणाले. मी म्हटलं, जाहिरात मी लिहिली होती. वल्हवा.

दया आली म्हणून नाही. राग आला म्हणून. म्हातारीला इथे बसलेलं मी बघणार नाही, आणि तो माणूस खिडकीबाहेर बघत राहणार हेही चालू देणार नाही.

घेतलं.

गेनू 'दिलं' म्हणत नव्हता. रडत होता. ओरडावं लागलं.

त्याला होडीत उतरवलं. माझा उजवा हात — नाही निघत. अपेक्षित होतं.

डाव्या हाताने लिहिते आहे.

गुरुवार — बहुधा

पश्चिमेचा डोंगर सकाळी होता. आता नाही. तोरणा नाही. काठ नाही. लाटा मोठ्या, लांब. दांडा हाताला ओढतो, सोडला तर बोट आडवी होईल — सोडता येत नाही, तरी सोडू नये असंच वाटतं. हे वाटणं माझं नाही.

रोजा कधी सोडायचा कळत नाही. अजान ऐकू येत नाही. सूर्य बुडाला असं धरून ओंजळभर पाणी घेतलं. खारट.

सावळारामकाकांचा आवाज येतो, माणूस दिसत नाही. हातात खजूर ठेवला गेला. गेनू घरी पोचला म्हणाले. जेवला. झोपला.

चांगलं.

—

वार माहीत नाही

कॅप्टन उपेंद्र यांस,

१. पहारा माझ्याकडे आहे.
२. जाहिरात पुन्हा जाणार नाही. तरी कोणी आला, कितीही हौसेने, तरी मी 'दिलं' म्हणणार नाही. जीव गेला तरी. हे तपासून बघू नका.
३. म्हणजे एकच माणूस उरतो. त्याला पगार नाही. त्याला हा प्रवास माहीत आहे. त्याचा पहारा एक वर्ष आधीच सुरू झाला आहे.
४. तुमच्या मुलाने दोनदा हाक मारली. मी एकदाच मारते आहे.

वही आवाजाच्या दिशेने टाकते आहे. काका, त्यांच्या हातात द्या, शेडमध्ये ठेवू नका.

तुम्ही येता की नाही, रविवार, १७ नोव्हेंबरपर्यंत कळवा. मी सुकाणू सोडत नाही. फक्त आज कोणता वार आहे ते मला —