मागचे दोन शॉकॲब्सॉर्बर

शनिवार, संध्याकाळ

हाताचं ग्रीस अजून निघालेलं नाही, तरी लिहून टाकते.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई गाडीत मागे बसली की खड्ड्याखड्ड्याला डोळे मिटून घेते. तक्रार करत नाही, त्याचाच मला जास्त त्रास होतो. आमच्या जुन्या गाडीचे शॉकॲब्सॉर्बर आता नवे मिळत नाहीत. म्हणून आज आईला डॉक्टरांकडे तपासायला नेलं, तिथून तसंच पुढे बिबवेवाडीला जुन्या पार्टच्या दुकानात गेले.

दुकानदारांनी दोन जोड्या काढल्या. पहिलीतला दांडा लोण्यासारखा आत गेला आणि तिथेच राहिला. मऊ म्हणजे आरामाचा, असं मानून मी तीच घेणार होते.

"ताई, ही पण दाबून बघा."

दुसरीला अंगाचा भार द्यावा लागला. हात काढला, तर दांडा आपला आपण वर यायला लागला. सावकाश, न थरथरता. भंगारात गेलेल्या कुणाच्या तरी गाडीचा हा. किती खड्डे खाल्ले असतील, आणि तरी असं शांतपणे वर येणं? पुन्हा दाबला. पुन्हा तसाच. बघतच राहिले.

गाडीतून आई म्हणाली, "अगं, विकत घ्यायचाय की पूजेला मांडायचाय?"

शेजारच्याच गॅरेजमध्ये जोडी बसवून घेतली. घरी परतताना वारज्यात शिरलो, तेव्हा नेहमीचा मोठा खड्डा आला. गाडी खाली गेली आणि सावकाश वर आली, त्या दांड्यासारखीच. आरशात पाहिलं तर आईचे डोळे मिटलेले. मी वेग आणखी कमी केला.

मग ऐकू आलं. ती घोरत होती.