खऱ्या मापाची परसबाग

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे वेगळं वाकावं लागलं नाही). तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला की अजून घरातच मुक्काम? इकडे आम्ही सगळे खुशाल असून मी जिंकलो आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेवर तुझ्या भावजयीचा डोळा होता. तिला तिथे कपडे वाळत घालायला फरशी हवी होती. फरशीवाला येऊन माप घेऊनसुद्धा गेला (जन्मभर गळ्यात टेप घालून फिरलेल्या शिंप्याच्या घरात दुसरा माणूस टेप काढतो, ताई! मला किती लागलं असेल?). मी ठणकावून सांगितलं, इथे भाज्यांची बाग होणार. ती म्हणाली, "आजवर भाजीची एक जुडी निवडली नाहीत, आणि बाग करणार!" शेवटी असं ठरलं की हिवाळा सरायच्या आत मी बागेचा नीट आराखडा करून दाखवायचा, नाहीतर फरशी.

आता हिवाळ्यात बाग करायची नसते, बेतायची असते, एवढं मलाही ठाऊक आहे. जमीन इतकी कडक झाली आहे की कुदळ मारली तर कुदळच कळवळते. आमचे शेजारी जन्मभर जमीनमोजणीच्या कचेरीत होते (गल्ली त्यांना पाठीमागे फूटपट्टी म्हणते, मी समोरही म्हणतो). त्यांनी सल्ला दिला की बोटभर रेघेला दोन हात जमीन धरा आणि कागदावर नकाशा काढा. तूच सांग, बोटभर सदरा शिवून गिऱ्हाइकाला 'मनातल्या मनात मोठा करून घाला' असं म्हणालो असतो, तर माझं दुकान चाललं असतं का? शिंप्याचं माप म्हणजे खरं माप. म्हणून मी जुने पडदे, चादरी, दुकानात उरलेलं अस्तर असं सगळं जमवलं आणि अख्खी बाग कापडावर जागेच्या अंगाबरोबर बेतली. टोमॅटोच्या वाफ्याला लाल अस्तर, पालेभाजीला हिरवा पडदा, वांग्याला तुझ्या भावजयीची जांभळी शाल (हे तिला विचारायचं राहून गेलं). प्रत्येक वाफ्याला चारी बाजूंनी शिवणीपुरती माया ठेवली, एकाला एक जोडत गेलो आणि मशीनवर पक्की शिलाई मारली.

मग तुझ्या भावजयीला आणि फूटपट्टींना बोलावून बाग मागच्या अंगणात पसरली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अशी चापूनचोपून बसली की एक सुरकुती नाही! वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर इस्त्र्या ठेवल्या. फूटपट्टींनी चष्मा वर केला, बाग एकदा उभी पाहिली, एकदा आडवी पाहिली आणि विचारलं, "आणि चालायचं कुठून?"

माझा चेहरा खर्रकन उतरला. वाट मी ठेवलीच नव्हती. ठेवणार कशी? दोन तुकड्यांच्या मध्ये फट राहिली तर आमच्या धंद्यात त्याला उसवलं म्हणतात. तुझी भावजय म्हणाली, "पाणी उडत उडत घालणार असतील." दोघं पोट धरधरून हसली आणि फरशीवाल्याला निरोप धाडायची भाषा सुरू झाली.

पण गिऱ्हाइकासमोर बिघडलेला कपडा त्याच्या समोरच सुधारणं, यालाच तर कारागिरी म्हणतात. मी कात्री आणली, कडेपासून आत एक लांब चीर दिली आणि तिच्या टोकाला सदऱ्याला कापतो तसा गोल गळा कापला. माणूस उभा राहील एवढा, तुझ्या भावजयीच्या मापाने (माप मला तोंडपाठ आहे; इथे लिहीत नाही, जिवाची भीती आहे). म्हटलं, जा, आत उभी राहा. ती राहिली. हात लांब करायला सांगितलं, तिने केले. टोमॅटो, मिरची, पालेभाजी, सगळं तिच्या हाताच्या टप्प्यात. पाऊल उचलायला नको! ती जागच्या जागी वळली, लाल अस्तरावरून टोमॅटो तोडल्यासारखं केलं आणि हसली. ताई, मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मग सगळ्या वाफ्यांना असेच गळे कापले. दुसऱ्या दिवशी फूटपट्टी स्वतः दाराशी हजर, काखेत जुन्या चादरी, म्हणे आमचीही बाग बेतून द्या!

तर फरशी रद्द आणि बाग मंजूर. दाजींना नमस्कार सांग, आणि ही बातमी नातेवाइकांत जमेल तितकी पसरव. मी स्वतः सांगितलं तर बढाई दिसेल.

तुझा विजयी भाऊ

ता. क. आराखडा सध्या अंगणात नाही. थंडी वाढली तशी तुझ्या भावजयीने त्यात कापूस भरला. हल्ली आम्ही बाग पांघरून झोपतो. गळ्यांतून पाय बाहेर येतात, बाकी ऊब चांगली आहे.

आणखी ता. क. मंजुरीला एक बारीकशी अट आहे. उन्हाळा संपायच्या आत बागेतली एक तरी भाजी ताटात आली पाहिजे, नाहीतर फरशी पक्की. तुझ्यापासून काय लपवू, बियांची सुलट बाजू कुठली हेसुद्धा मला कळत नाही. तेव्हा उन्हाळ्यात येशील तेव्हा तुझ्या मळ्यातली चारदोन वांगी लांब देठांसकट पिशवीच्या तळाशी लपवून आण. झाडाला कशी लागायची ते माझ्यावर सोड. हिरवा दोरा घरात आहे. तुझ्या भावजयीला मात्र सुगावा लागता कामा नये.

वन्सं, नमस्कार. हे अक्षर माझं आहे. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याच हाती दिलं. वांगी नक्की आणा. यांचे हाताचे टाके हल्ली सैल पडतात, म्हणून पहाटे उठून मीच पक्के करीन. फरशीवाल्याला तर मी त्या गळ्यात उभी राहिले त्याच दिवशी कायमचं नको म्हणून सांगून आले. पण हे यांना कळू देऊ नका, नाहीतर कुदळ हातात धरायचे नाहीत.